नोटिशीवरील सही म्हणजे कबुली नव्हे
कारणे दाखवा नोटीस, दोषारोपपत्र, मूल्यमापन अहवाल हाती पडल्यावर कर्मचाऱ्याने काय करावे?

माहूर : दुपारची सुटी संपता संपता शिपाई दोन कागद घेऊन समोर उभा राहतो. एक प्रत द्यायची, दुसरीवर सही घ्यायची. 'कारणे दाखवा नोटीस' ही अक्षरे दिसताच घेणाऱ्याचा हात थबकतो. सही करावी तर आरोप मान्य केल्यासारखे होईल, न करावी तर साहेब आणखी चिडतील. इतक्यात शेजारच्या टेबलावरून सल्ला मिळतो, 'सही करूच नका, बघू काय करतात ते.' सल्ला आपुलकीचा असतो. पण अनेकदा तोच महागात पडतो.

रेणुकामातेच्या गडाखालच्या या तालुक्याच्या गावी नोकरीची ठिकाणे मोजकीच आहेत. एसटीचे आगार, तहसील व पंचायत समिती, जिल्हा परिषदेच्या आणि खासगी अनुदानित शाळा, आदिवासी विभागातील आश्रमशाळा, बँका, पतसंस्था आणि यात्रेकरूंवर चालणारी दुकाने व निवासगृहे. एका पगारावर अख्खे घर चालते, मुलांचे नांदेडचे शिक्षण चालते. कामगार कायद्याचा जाणकार वकील गाठायचा तर नांदेड सुमारे सव्वाशे किलोमीटर दूर. त्यामुळे कागद हाती पडल्यानंतरच्या पहिल्या अर्ध्या तासातील निर्णय कर्मचाऱ्याला एकट्यानेच घ्यावा लागतो. तो घेताना कोणत्या गोष्टी ध्यानात ठेवाव्यात, याची ही माहिती.

सहीचे तीन अर्थ

कार्यालयीन कागदावरील प्रत्येक सहीचा अर्थ एकच नसतो. पहिली सही पोच म्हणून केलेली असते. 'हा कागद मला अमुक दिवशी मिळाला' एवढेच ती सांगते. दुसरी उपस्थितीची. चौकशीच्या दिवशीच्या रोजकामावर किंवा बैठकीच्या नोंदीवर ती घेतली जाते. तिसरी संमतीची किंवा कबुलीची. 'वरील मजकूर मला मान्य आहे', 'माझ्या हातून चूक झाली', 'रक्कम पगारातून कापून घ्यावी' अशा वाक्यांखाली ती असते.

पोचेची सही नाकारून कर्मचाऱ्याच्या पदरात काही पडत नाही. संमतीची सही मात्र कोणाच्या धाकाने किंवा घाईत कधीही करू नये. घोटाळा होतो तो या दोहोंची सरमिसळ झाल्यामुळे. म्हणून सही करण्यापूर्वी तिच्या लगतच्या वरच्या दोन ओळी वाचाव्यात. सही कशाची, हे तेथेच लिहिलेले असते.

'कशावरही सही करू नका' हा जुना सल्ला निराधार नव्हता. अक्षरओळख नसलेल्या मजुरांचे अंगठे कोऱ्या कागदांवर उमटवून घेतले जात, तेव्हा संघटनांनी शिकवलेला तो धडा होता. त्या काळी त्याने अनेकांना वाचवले. पण कोरा कागद आणि छापील नोटीस या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एकीचे औषध दुसरीला लागू पडत नाही.

नकार दिल्यास काय होते?

कर्मचाऱ्याने कागद घेतला नाही म्हणून कारवाई थांबत नाही. अधिकारी दोन साक्षीदारांसमक्ष 'घेण्यास नकार दिला' असा शेरा मारतो, त्यांच्या सह्या घेतो आणि तीच नोटीस टपालाने घरच्या पत्त्यावर पाठवतो. टपालाचे पाकीटही नाकारले, तर पोस्टमनच्या 'नकार' या शेऱ्यावरून नोटीस बजावली गेली असेच सामान्यतः धरले जाते. योग्य पत्त्यावर नोंदणीकृत टपालाने पाठवलेला कागद पोहोचला असे मानण्याची तरतूद सर्वसाधारण वाक्खंड अधिनियमाच्या कलम २७ मध्ये आहे. (२०२५ मध्ये टपाल खात्याने रजिस्टर्ड पोस्टाची सेवा स्पीड पोस्टमध्ये विलीन केली आहे. त्यामुळे नोटीस आता त्या पाकिटातून येते.)

याचा परिणाम असा, की नोटीस बजावली गेली असे ठरते, मुदतीचे दिवस उलटत जातात आणि कर्मचाऱ्याला मात्र आरोप काय आहेत हेही ठाऊक नसते. चौकशी एकतर्फी होते. पुढे न्यायालयात 'मला संधी मिळाली नाही' असे म्हणावे, तर 'संधी दिली होती, ती आपणच नाकारली' असे उत्तर तयार असते. शिवाय लेखी आदेश स्वीकारण्यास नकार देणे हे काही आस्थापनांच्या शिस्त नियमांत स्वतंत्र गैरवर्तन मानलेले असते. एका आरोपाचे दोन आरोप होतात.

अर्थात नोटीस खरोखर पोहोचलीच नसेल, तर गोष्ट वेगळी. केंद्र सरकार विरुद्ध दीनानाथ शांताराम करेकर या १९९८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा फरक स्पष्ट केला. त्या प्रकरणी दोषारोपपत्राचे पाकीट 'सापडले नाही' या शेऱ्यासह परत आले होते आणि पुढची कारणे दाखवा नोटीस थेट वर्तमानपत्रात छापली होती. व्यक्तिशः देण्याचा प्रयत्न न करता केलेली ही बजावणी न्यायालयाने मान्य केली नाही. न सापडणे आणि नाकारणे यांत असे अंतर आहे. कायदा पहिल्याच्या पाठीशी उभा राहतो, दुसऱ्याच्या नाही.

सही कशी करावी?

कागद घ्यावा, जागेवरच वाचावा आणि पाने मोजावीत. नोटिशीत 'सोबत सहपत्रे' असा उल्लेख असेल, तर ती खरोखर जोडली आहेत की नाही ते पाहावे. मग स्थळप्रतीवर स्वतःच्या अक्षरात लिहावे :

'नोटिशीची प्रत मिळाली. एकूण पाने अमुक. मजकूर मान्य नाही. खुलासा स्वतंत्रपणे सादर करीन.'

त्याखाली पूर्ण सही, तारीख आणि वेळ. सहपत्रे नसतील, तर 'सहपत्रे मिळाली नाहीत' हेही तेथेच लिहावे. एवढ्या शब्दांनी सहीचा अर्थ पोचेपुरता मर्यादित होतो. 'असे काही लिहिता येणार नाही, नुसती सही करा' असे कोणी म्हटलेच, तर निदान 'फक्त पोच' हे दोन शब्द आणि तारीख लिहून सही करावी आणि त्याच दिवशी कार्यालयाला पत्र देऊन मजकूर मान्य नसल्याचे कळवावे.

तारखेला एवढे महत्त्व का? पुढच्या बहुतेक मुदती तिच्यापासून मोजल्या जातात. महाराष्ट्र खासगी शाळांतील कर्मचारी (सेवेच्या शर्ती) विनियमन अधिनियम, १९७७ च्या कलम ९ नुसार बडतर्फी, सेवासमाप्ती किंवा पदावनतीविरुद्ध शाळा न्यायाधिकरणाकडे अपील करायचे, तर आदेश मिळाल्यापासून ३० दिवसांची मुदत आहे. आदेशावर आठ दिवस आधीची तारीख टाकून तो हाती दिला जात असेल आणि कर्मचाऱ्याने तारीख न घालता सही केली, तर ते आठ दिवस गेल्यातच जमा.

कागद व्हॉट्सॲपवर किंवा ई-मेलवर आला असेल, तर तो पुसून न टाकता जपून ठेवावा, छापून घ्यावा आणि उत्तर लेखी द्यावे. तोंडी खुलाशाला दप्तरात जागा नसते.

खरे काम सहीनंतरचे

सहीच्या वादात लोक दिवस घालवतात आणि खुलाशाची मुदत हातची जाते, असे नेहमी घडते. वास्तविक कर्मचाऱ्याचे खरे शस्त्र सही नव्हे, खुलासा आहे. तो मुदतीत द्यावा. कागदपत्रांअभावी देता येत नसेल, तर मुदत संपण्यापूर्वी 'अमुक कागदांच्या प्रती मिळाव्यात, त्या मिळाल्यावर अमुक दिवसांत खुलासा देईन' असे पत्र द्यावे. खुलाशात राग नसावा. आरोप क्रमांकवार घ्यावेत, प्रत्येकासमोर वस्तुस्थिती, तारीख आणि पुरावा द्यावा. आरोप मोघम असेल, तर 'दिवस, वेळ व प्रसंग नमूद नसल्याने उत्तर देणे शक्य नाही' हेही उत्तरच असते.

खुलासा आवक शाखेत देऊन आपल्या प्रतीवर शिक्का, आवक क्रमांक आणि तारीख घ्यावी. कार्यालय घेत नसेल, तर पोचपावतीसह टपालाने पाठवावा. कार्यालय आपल्याकडून पोच घेते तशी आपणही कार्यालयाकडून घ्यावी.

कोणाला कोणते नियम?

राज्य सरकारी कर्मचाऱ्यांना महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, १९७९ लागू आहेत. नियम ५ मध्ये शिक्षांची यादी आहे. ठपका, बढती किंवा वेतनवाढ रोखणे, नुकसानीची वसुली या किरकोळ शिक्षा. पदावनती, सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे व बडतर्फी या मोठ्या. मोठ्या शिक्षेसाठी नियम ८ प्रमाणे सविस्तर चौकशी करावी लागते. किरकोळ शिक्षेसाठीही नियम १० नुसार म्हणणे मांडण्याची संधी द्यावी लागते. 'ठपका' ही यादीतील शिक्षा आहे, साधी 'ताकीद' त्या यादीत नाही. म्हणून कागदावर कोणता शब्द आहे ते बारकाईने पाहावे. खुलासा न मागता थेट ठपक्याचा आदेश हाती आला, तर पोच देऊन अपिलात हाच मुद्दा मांडता येतो.

जिल्हा परिषदेच्या शिक्षकांना व ग्रामसेवकांना जिल्हा सेवा (शिस्त व अपील) नियम, १९६४, तर खासगी शाळांना वर उल्लेखिलेला १९७७ चा अधिनियम व १९८१ ची नियमावली आहे. एसटीत महामंडळाची स्वतःची शिस्त व आवेदन कार्यपद्धती चालते.

खासगी कारखान्यांसाठी २१ नोव्हेंबर २०२५ पासून औद्योगिक संबंध संहिता, २०२० अमलात आली असून १९४६ चा स्थायी आदेश कायदा तिच्यात सामावला गेला. स्थायी आदेशांची सक्ती आता ३०० किंवा अधिक कामगार असलेल्या आस्थापनांना आहे. महाराष्ट्रात पूर्वी हा आकडा ५० होता. संहितेनुसार चौकशी होईपर्यंत निलंबित केलेल्या कामगाराची चौकशी सामान्यतः ९० दिवसांत पूर्ण व्हावी, अशी अपेक्षा आहे. त्या काळात त्याला निम्म्या वेतनाइतका निर्वाह भत्ता मिळतो. विलंब कामगारामुळे झालेला नसेल, तर पुढील काळासाठी तो ७५ टक्के होतो. लहान दुकानात किंवा निवासगृहात असे छापील नियम नसतात. तेथे तर नेमणूकपत्र, पगाराच्या नोंदी आणि मिळालेल्या प्रत्येक कागदाची प्रत हाच कर्मचाऱ्याचा आधार.

चौकशीतील सह्या

चौकशी सुरू झाली की प्रत्येक तारखेला रोजकाम लिहिले जाते आणि त्याच्या प्रत्येक पानावर सही मागितली जाते. ती द्यावी, परंतु वाचून. साक्षीदार बोलला एक आणि लिहिले गेले दुसरे, असे दिसल्यास दुरुस्तीचा आग्रह धरावा. ऐकले न गेल्यास सहीशेजारी 'अमुक वाक्य चुकीचे नोंदवले आहे, हरकत कायम' असे लिहावे. प्रत मागून घ्यावी. मदतीला सहकारी किंवा संघटनेचा प्रतिनिधी घेण्याची मुभा बहुतेक नियमांत आहे, तिचा लेखी अर्ज पहिल्याच तारखेला करावा.

चौकशी अधिकाऱ्याचा अहवाल प्रतिकूल असल्यास शिक्षेपूर्वी त्याची प्रत कर्मचाऱ्याला देऊन त्याचे म्हणणे ऐकले पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने ईसीआयएल विरुद्ध बी. करुणाकर या १९९३ च्या निकालात हे स्पष्ट केले आहे. ही प्रत पोच देऊन अवश्य घ्यावी. ती नाकारणे म्हणजे शेवटचे दार स्वतःच्या हाताने लावणे.

वाहकाचा जबाब

नवरात्रात आणि दत्तजयंतीला माहूरकडे येणाऱ्या गाड्या खचाखच भरलेल्या असतात. अशा गर्दीत तपासणी पथक गाडी थांबवते, विनातिकीट प्रवासी सापडतात आणि रस्त्याच्या कडेला वाहकाचा जबाब लिहिला जातो. या ठिकाणी घाई घातक ठरते. तपासणी अहवालाची पोच देणे वेगळे आणि 'पैसे घेतले, तिकीट दिले नाही' या वाक्याखाली सही करणे वेगळे. गर्दीमुळे तिकिटे देण्याचे काम चालू होते, गाडीत प्रवासी किती होते, यंत्र बंद पडले होते काय, जे खरे असेल ते वाहकाने आपल्या अक्षरात तेथेच लिहावे.

'प्रवाशांचे जबाबच नाहीत, मग आरोप टिकणार कसा' या भरवशावर कोणी राहू नये. हरियाणा राज्य विरुद्ध रतनसिंग या १९७७ च्या निकालात प्रवाशांनी लेखी जबाब दिले नसतानाही निरीक्षकाच्या साक्षीवरून वाहकावरील कारवाई सर्वोच्च न्यायालयाने कायम ठेवली. खातेनिहाय चौकशीत फौजदारी खटल्याइतका काटेकोर पुरावा लागत नाही. म्हणूनच वाहकाचा स्वतःचा पहिला लेखी जबाब मोलाचा असतो.

सामुदायिक आंदोलनातही कागदाचे महत्त्व कमी होत नाही. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात एसटीच्या हजारो कर्मचाऱ्यांवर निलंबनाची व बडतर्फीची कारवाई झाली. पुढे मुंबई उच्च न्यायालयाने २२ एप्रिल २०२२ पर्यंत कामावर रुजू होण्याची मुदत दिली आणि संप मिटला. घोषणा सर्वांची एक असली, तरी नोटीस प्रत्येकाच्या नावे वेगळी निघते. तिचे उत्तरही ज्याचे त्यालाच द्यावे लागते.

मूल्यमापन अहवाल

वार्षिक कामगिरीच्या अहवालावरील सही म्हणजेही 'अहवाल पाहिला' एवढेच. पूर्वी हे अहवाल गोपनीय असत आणि केवळ प्रतिकूल शेरे कळवले जात. देवदत्त विरुद्ध केंद्र सरकार या २००८ च्या निकालाने चित्र बदलले. त्या अभियंत्याला 'चांगला' असा शेरा होता. पण बढतीसाठी 'अतिशय चांगला' आवश्यक होता. म्हणजे वरकरणी बरा दिसणारा शेराच आडवा आला. प्रत्येक नोंद कर्मचाऱ्याला कळवली पाहिजे, असे न्यायालयाने सांगितले. २०१३ मध्ये सुखदेव सिंग प्रकरणात तीन न्यायमूर्तींच्या पीठाने यावर शिक्कामोर्तब केले. खासगी शाळांच्या १९८१ च्या नियमावलीत तर प्रतिकूल शेरे विहित मुदतीत न कळवल्यास त्या वर्षीचे काम समाधानकारक मानले जाते.

म्हणून अहवाल पाहावा, तारखेसह सही करावी, असहमती असल्यास तेथेच नोंदवावी आणि मुदतीत निवेदन द्यावे. पुणे किंवा हैदराबादच्या खासगी कंपन्यांत काम करणाऱ्या इथल्या तरुणांना 'कामगिरी सुधारणा योजना' नावाचा कागद मिळतो. त्यात उद्दिष्टे आणि मुदत असते. ती अवाजवी असल्यास गप्प राहून सही करू नये. कोणती उद्दिष्टे कोणत्या कारणाने शक्य नाहीत, कोणते साहाय्य हवे, हे सहीसोबत लिहावे. संगणकावर नुसते 'मान्य' चे बटण असेल, तर त्याच दिवशी ई-मेलने आपले म्हणणे कळवावे.

येथे सही करूच नये

कोऱ्या कागदावर, तारीख न घातलेल्या राजीनाम्यावर आणि न मिळालेल्या पैशांच्या पावतीवर. शाळांच्या बाबतीत तर कायदाच सावध आहे. १९७७ च्या अधिनियमातील कलम ७ नुसार राजीनाम्याच्या दोन प्रती करून दोन्हींवर तारखेसह सही करायची आणि एक प्रत नोंदणीकृत टपालाने संस्थेला पाठवायची असते. आधीच सही घेऊन कपाटात ठेवलेला राजीनामा या कसोटीला उतरणे कठीण.

दबावाखाली अशी सही झालीच, तर स्वस्थ बसू नये. त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी व्यवस्थापनाला आणि वरिष्ठ कार्यालयाला टपालाने कळवावे, की ही सही माझ्या इच्छेविरुद्ध घेतली आहे. सहा महिन्यांनी केलेल्या तक्रारीपेक्षा दुसऱ्या दिवशीच्या पत्राला वजन असते. नुसत्या कबुलीजबाबावरही सर्व काही संपत नाही. रूपसिंग नेगी विरुद्ध पंजाब नॅशनल बँक या २००९ च्या निकालात पोलिसांपुढील कथित कबुलीच्या आधारे, अन्य पुरावा सिद्ध न करता केलेली कारवाई सर्वोच्च न्यायालयाने रद्द ठरवली. तसेच १९८६ च्या ब्रजोनाथ गांगुली प्रकरणात, जेथे दुर्बळ बाजूला ठरलेल्या जागी सही करण्यावाचून पर्याय नसतो, तेथील अन्यायकारक अट न्यायालय मोडून काढू शकते, असे सांगितले गेले. पण हे दिलासे वर्षानुवर्षांच्या लढ्यानंतरचे आहेत. न केलेली सही त्याहून स्वस्त.

घरची फाइल

नेमणूकपत्रापासून शेवटच्या वेतनचिठ्ठीपर्यंतचे सर्व कागद तारीखवार लावलेली एक फाइल प्रत्येक नोकरदाराच्या घरी असावी. नोटीस आली की तिची प्रत, खुलाशाची शिक्का घेतलेली प्रत, टपालाची पावती, सारे त्यात जावे. नांदेडच्या कामगार न्यायालयात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापुढे जाण्याची वेळ आलीच, तर वकील पहिला प्रश्न 'कागद कुठे आहेत' हाच विचारतो. त्या वेळी, 'सही नको म्हणून घेतलेच नव्हते' या उत्तराइतके दुबळे उत्तर दुसरे नाही.